थंड चहा

भोंगाचा पहिला लेख ब्लॉगवर गेला तेव्हा मास्तरीण तापाने अंथरुणात होती. ताप चार दिवसांत उतरला. त्या लेखाने जे चढलं ते मात्र उतरायचं नाव घेईना.

दोघींची ही नावं शाळेतली. एक सगळ्यांचं ऱ्हस्व-दीर्घ सुधारायची, शिक्षकांचंसुद्धा, म्हणून ती मास्तरीण. दुसरीला हळू बोलताच यायचं नाही. परीक्षेत तिने शेजारणीला कुजबुजत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर व्हरांड्यातल्या शिपायाने दिलं, असं वर्गात सांगायचे. ती भोंगा.

एकाच जिन्यावर दोघींची घरं. मास्तरणीने साहित्यात पदवी घेतली आणि पाठ्यपुस्तकांच्या एका प्रकाशनात मुद्रितं तपासायला लागली. भोंगाचे वडील बस चालवायचे. त्यांच्या पाठीने एक दिवस बस चालवायला साफ नकार दिला. भोंगाने शाळा संपल्या संपल्या लाँड्रीचा काउंटर धरला.

"शिकली असती तर वकील झाली असती," तिची आई म्हणायची.

"हो, आणि पक्षकाराची गुपितं कोर्टाबाहेरच्या पानवाल्याला पाठ झाली असती," भोंगा म्हणायची, आणि स्वतःच हसायची. ते हसू खालच्या मजल्यावर मास्तरणीला अभ्यास करताना ऐकू यायचं.

ब्लॉग मास्तरणीचा. नाव 'तिचा नकाशा'. जगभरच्या बायकांविषयी. एका लेखात लहान मुलींची लग्नं, पुढच्यात वारसाहक्क, मग एकाच कामाचे दोन पगार, मग पुरुषांच्या अंगावर तपासून बायकांना दिली जाणारी औषधं. प्रत्येक लेखाखाली संदर्भ. भिंग घेऊन बसलं तरी वेलांटीची चूक सापडायची नाही. वाचक मात्र भिंग घेऊनच शोधावे लागायचे. आई, मावशी, कॉलेजातल्या बाई. आणि एक अनोळखी गृहस्थ, जे प्रत्येक लेखाखाली 'आणि पुरुषांचं काय?' एवढंच विचारायचे. तेही अलीकडे येईनासे झाले होते. मास्तरणीला त्याचंही वाईट वाटलं होतं.

गंभीर लिखाणाला वाचक कमीच असतात, अशी ती मनाची समजूत घालायची. समजूत बरी बसली होती.

मग ताप आला. लेखाचा दिवस चुकू नये म्हणून तिने भोंगाला फोन केला.

"या वेळचं तू दे गं काहीतरी."

"मी? मला काय येतं? मला तर 'स्त्रीवाद' म्हटलं की 'इस्त्रीवाद' ऐकू येतं."

"तेच लिही. कामावरचं. बायकांविषयी असलं म्हणजे झालं."

भोंगाने दुपारच्या सुट्टीत लाँड्रीच्या पायरीवर बसून फोनला तोंडी सांगितलं. फोनने कळेल तसं लिहून घेतलं. मास्तरणीला डोळे उघडवत नव्हते. तिने न वाचताच लेख चढवून दिला.

लेख साधा होता. लाँड्रीत कपडा घेताना विचारावं लागतं, डाग कशाचा. डागावरून पाणी ठरतं. चहाला गरम, रक्ताला थंड. रक्ताला गरम पाणी लागलं की ते शिजतं आणि सुतात कायमचं बसतं. भोंगा नवी असताना एका नर्सने पांढरा गणवेश पुढे केला आणि म्हणाली, "चहा सांडला." भोंगाने चिठ्ठीवर लिहिलं, चहा. गणवेश गरम पाण्यातून निघाला तो तपकिरी शिक्का घेऊनच. मालकांनी भोंगाला फैलावर घेतलं. नर्स मात्र भांडली नाही. गणवेशाची घडी करून निमूट गेली. भोंगाला तेव्हा उमगलं. आणि उमगल्यावर सगळीकडे तेच दिसायला लागलं. सगळ्या बायका चहाच सांडत होत्या. चादरीवर, पायजम्यावर, गादीच्या खोळीवर. 'जगात एवढा चहा सांडतो, तर पितं कोण?' असं तिने लिहिलं होतं.

चिठ्ठीवर 'रक्त' लिहायची सोय नव्हती. चिठ्ठी कपड्याला टाचलेली असायची. कपडे न्यायला घरातलं कुणीही यायचं आणि मालक चिठ्ठी मोठ्याने वाचून कपडा द्यायचे. म्हणून भोंगा लिहायला लागली, 'थंड चहा'. मागच्या खोलीत धुलाईचे काका होते. त्यांनी पहिली तशी चिठ्ठी वाचली, चष्मा कपाळावर चढवला, भोंगाकडे पाहिलं आणि कपडा थंड पाण्याच्या टाकीत टाकला. त्या विषयावर दोघांत आजवर एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं.

शेवटची ओळ होती, 'तुमच्याकडे काय सांडतं?'

मास्तरीण ताप उतरल्यावर उठून बसली. पहिल्यांदा तिला चुका दिसल्या. 'पाणी' एका ठिकाणी 'पानी' झालं होतं. मग तिला लेखाखालच्या प्रतिक्रिया दिसल्या. ती खाली खाली सरकत राहिली. तळ लागेना.

एकीकडे बीट सांडायचं. एकीकडे गंज लागायचा. एका घरात म्हणे बारा महिने रंगकाम चालू असायचं. कपडे शिवायच्या कारखान्यातल्या एकीने लिहिलं होतं, संडासला जायला मुकादमाकडून बिल्ला घ्यावा लागतो. बिल्ला एक आणि आम्ही मजलाभर मुली. आमच्याकडे रोज सांडतं. एक मुलगी फुटबॉल खेळायची. पांढरी चड्डी बदलून मागितली म्हणून तिला बाकावर बसवलं होतं. निर्वासितांच्या छावणीतून एकीने विचारलं होतं, कपडाच एक आहे, चिठ्ठी कशाला टाचू? एक तुरुंगात रखवालदार होती. 'आमच्याकडे मोजून देतात,' तिने लिहिलं होतं. 'मीच मोजते.'

काही मजकूर मशीनच्या भाषांतरातून आलेला होता, मोडका. तरी कळत होता.

मास्तरीण तो वाचत राहिली. हेच कारखाने, हीच छावणी, हेच तुरुंग तिच्याही लेखांत होते. आकड्यांसकट होते. तिच्या लेखांत त्या सगळ्या 'महिला' होत्या. इथे त्या स्वतः चालत आल्या होत्या आणि भोंगाच्या पायरीवर बसल्या होत्या.

बाहेर आई फोनवर मावशीला वाचून दाखवत होती. "ऐक गं, 'पितं कोण' म्हणते. काय पोरगी आहे!" मग आई दारात आली. "बरं वाटतंय का? बघ, कसं साधं लिहिलंय तिने. तूही असं काहीतरी लिहीत जा ना."

"पोट दुखतंय," मास्तरीण म्हणाली. खोटं नव्हतं. आईने गरम पाण्याची पिशवी आणून दिली.

भोंगा लिहीत राहिली. दर आठवड्याला एक. बायकांच्या पँटला शिवून बंद केलेले खोटे खिसे. शर्ट दाबायचं मशीन पुरुषाच्या छातीच्या मापाचं असतं, म्हणून बाईचा शर्ट हाताने इस्त्री करावा लागतो आणि वर तिलाच जास्त दर लागतो. मास्तरीण चढवण्याआधी फक्त वेलांट्या सुधारायची. तेवढं करताना तिचे दात एकमेकांवर घट्ट बसायचे. आता 'पुरुषांचं काय?' वाले गृहस्थही परत आले होते. भोंगाने त्यांना उत्तर दिलं होतं, 'शनिवारी तयार मिळतील, चिठ्ठी आणा.' त्या उत्तराला लोकांनी इतकं डोक्यावर घेतलं, की त्या दिवशी मास्तरणीला जेवण गेलं नाही.

रस्त्यात तिला कॉलेजातल्या बाई भेटल्या. तोंडभरून म्हणाल्या, "छान चाललाय हं तुमचा ब्लॉग. ती भोंगा कोण गं?"

तुमचा. दोन अक्षरांचं 'तुझा' तीन अक्षरांचं झालं होतं. मास्तरणीने घरी येईपर्यंत अक्षरं मोजली.

याच सुमारास पहिल्या लेखाखाली एक नवी ओळ आली. 'माझा चहा उशीवर होता.' एवढीच. नाव नाही, गाव नाही.

दोघी लाँड्रीच्या पायरीवर बसून ती वाचत होत्या.

"उशीवर म्हणजे..." मास्तरीण म्हणाली.

"नाकाचं असेल. किंवा ओठाचं." भोंगाने नेहमीच्या आवाजात बोलायला सुरुवात केली आणि आवाज खाली आणला. तिला तो आणता येत होता. "खोळी येतात अशा. त्याही चहाच म्हणतात."

भोंगाने खाली उत्तर लिहिलं, 'थंडच ठेवा. आम्ही आहोत.' मग ती उशीवाली अधूनमधून यायला लागली. एक ओळ लिहायची आणि जायची. 'आज नाही.' 'आज कडी लावून झोपले.' शेकडो बायका त्या ओळीची वाट पाहायच्या. मास्तरीणही पाहायची. आणि पाहताना तिच्या मनात यायचं, माझ्या लेखाखाली का नाही आली ही? त्या विचाराची तिला स्वतःलाच शिसारी यायची. विचार तरी यायचाच.

शेवटी तिने पेन काढलं. पेन म्हणजे सवयीचा शब्द, तिने भोंगाचा पहिला लेख उघडला. तिच्याकडे कारण तयार होतं आणि ते खरंही होतं. बायकांनी लाज बाळगली म्हणूनच तर गणवेश खराब झाला. मग त्या लाजेलाच गोड नाव देऊन पाळायचं? रक्ताला रक्त म्हणा. पहिला लेख अजूनही रोज नवे वाचक आणत होता. निदान तो तरी नीट असायला हवा. तिने जिथे जिथे 'थंड चहा' होतं तिथे 'मासिक पाळीचे रक्त' घातलं. 'पितं कोण' हा विनोद काढला. विषयाला शोभत नव्हता. 'सांडतं' हे क्रियापद संदिग्ध होतं, ते बदललं. दोन संदर्भ जोडले. काम संपल्यावर तिला कितीतरी दिवसांनी शांत भूक लागली.

नव्या प्रतिक्रिया कमी झाल्या. कुणीतरी विचारलं, 'या लेखाला इस्त्री कुणी केली?' मास्तरणीने ती प्रतिक्रिया काढून टाकली. मग एका संध्याकाळी भोंगा तरातरा जिना उतरून आली. चपला न काढता सरळ खोलीत.

"माझा चहा कुठे गेला?"

"दुरुस्ती केली. तुला सांगणारच होते."

"दुरुस्ती? अगं, तू तर उकळून काढलंस सगळं!"

"हळू बोल. आई आहे बाहेर. आपण खरं नाव घ्यायला नको का? लपवायचं किती दिवस?"

"घे ना. भर चौकात घे. माझं काही म्हणणं नाही." भोंगाने फोन तिच्यासमोर धरला. "पण 'मासिक पाळी' लिहिलंस. उशीवालीची कुठली पाळी गं? तिने कुठे बसायचं आता?"

ते वाक्य बदलताना उशीवाली मास्तरणीच्या डोक्यातही आली नव्हती. आली होती ती फक्त भोंगा.

"कधीची आलेली नाही ती," भोंगा म्हणाली. "मला वाटलं, बरी असेल. मग लेख पाहिला."

"ती त्यामुळेच येत नाही कशावरून?"

"नसेलही. पण तू केलंस ते खरं नाव घ्यायला केलं नाहीस. तुझ्या पोटात दुखत होतं."

मास्तरीण ताठ बसली. "तुझ्या लिखाणात किती चुका असतात, कल्पना आहे?"

"आहेत ना. मग तू लिही बिनचूक. नकाशा तुझा, तूच फीर त्यावर." भोंगा दारापर्यंत गेली आणि वळली. "मला वाटायचं, तू आहेस म्हणून मला लिहिता येतं. मूर्ख मी."

हे तिने हळू म्हटलं. म्हणून जास्त लागलं.

त्यानंतर ब्लॉग पुन्हा मास्तरणीचा एकटीचा झाला. तिने वेतनातल्या तफावतीवर लिहिलं. घरकामाच्या तासांवर लिहिलं. दोन्ही लेख चांगले होते. आईने वाचले आणि म्हणाली, "छान. भोंगा बरी आहे ना गं?" जळायला आता समोर कुणी नव्हतं, तरी आग होतीच. आता ती नुसती धुमसायची.

आणि मग ते ऑफिसात घडलं. मुद्रितं तपासता तपासता मास्तरीण उठली आणि तिने खुर्चीच्या गादीकडे पाहिलं. फिकट राखाडी खोळ. संपादक साहेब बाहेर गेले होते, खुर्ची त्यांच्या टेबलाजवळची. तिने स्वेटर कमरेला बांधला, खोळ काढली, गुंडाळून पिशवीत कोंबली आणि ऑफिसखालच्या लाँड्रीत गेली. भोंगाची लाँड्री दोन गल्ल्या पलीकडे होती. तिकडे जायचा प्रश्नच नव्हता.

काउंटरवर कोवळ्या मिशांचा एक पोरगा होता. मागे दोन माणसं सूट घेऊन उभी. त्याने खोळ उलगडली, दिव्याकडे धरली.

"डाग कशाचा, मॅडम?"

मास्तरणीने तोंड उघडलं. तिला शब्द माहीत होता. त्याची व्युत्पत्ती माहीत होती. तो शब्द मोठ्याने का म्हणावा यावर तिने दोन संदर्भ दिले होते.

"चहा," ती म्हणाली.

"चहा," तो म्हणाला आणि लिहायला लागला. "गरम पाण्यात पटकन जाईल."

ती तिथेच उभी राहिली. कुणीतरी वेगळ्याच बाईने आपल्या तोंडून बोलावं तसं तिला झालं. मग तिने हात लांब करून त्याच्या हातातली खोळ ओढली. तो सोडेना. ती सोडेना.

"अहो मॅडम, घेतोय ना!"

"नको. राहू द्या. घरी धुते."

"चहाचाच तर आहे..."

ती पळाली. खरोखर पळाली, दोन गल्ल्या, कमरेला स्वेटर, काखेत खोळ. भोंगाच्या काउंटरवर रांग नव्हती. भोंगाने तिच्याकडे पाहिलं. स्वेटरकडे पाहिलं. खोळ घेतली आणि काही न विचारता चिठ्ठी लिहून टाचली.

"डाग कशाचा ते विचार ना," मास्तरीण धापा टाकत म्हणाली.

"कशाला? तू भाषण देशील. काका आत झोपलेत."

"मी तिकडे चहा म्हणाले."

"कुठे?"

"ऑफिसखालच्या लाँड्रीत. त्याने विचारलं आणि मी म्हणाले, चहा. माझ्या तोंडून बाहेर पडलं."

भोंगाने ओठ दाबून धरले. पण भोंगाचं हसू दाबून राहणारं नव्हतंच. काका आतून "काय पेटलं?" म्हणत बाहेर आले. काउंटरवर डोकं टेकून भोंगा हसत होती. मास्तरीण रडत होती का हसत होती, ते काकांना कळलं नाही. त्यांनी खोळ उचलली, चिठ्ठी वाचली आणि आत गेले. आतून पाण्याचा नळ सुटल्याचा आवाज आला.

"हे लिही," भोंगा डोळे पुसत म्हणाली.

"तू लिही. तू छान लिहितेस." हे वाक्य मास्तरणीने आजवर तिला म्हटलं नव्हतं.

"मी कशाला? सांडला तू. आणि मी अजून रागावलेय. हसले म्हणून राग गेला असं समजू नकोस."

मास्तरणीने घरी जाऊन आधी पहिला लेख होता तसा केला. तिने जुनी प्रत ठेवली होती. मुद्रितं तपासणारी बाई जुनी प्रत टाकत नाही. 'पानी'सुद्धा तसंच ठेवलं. खाली एक ओळ घातली: 'मधल्या काळात हा लेख बिघडवला होता. बिघडवणारी मी. ज्यांना त्यामुळे बाहेर उभं राहावं लागलं, त्यांनी आत यावं.' मग तिने दुपारचं लिहायला घेतलं. संदर्भ नव्हते. कोवळ्या मिशांचा पोरगा होता, दिव्याकडे धरलेली खोळ होती आणि तिच्या तोंडातला तो शब्द होता. लिहिताना तिला घाम फुटला. ती थांबली असती तर पुन्हा लिहिलं नसतं, म्हणून तिने तसंच चढवून दिलं.

सकाळी जाग आली ती आईच्या आवाजाने. आई फोनवर मावशीला वाचून दाखवत होती. खोळीच्या ओढाओढीपर्यंत आली आणि पुढे वाचता येईना, इतकी हसली. मग नाक शिंकरलं.

"बघ ना," आई मावशीला म्हणाली, "परत लिहायला लागली एकदाची. या भोंगाच्या हाताला काही वेगळंच आहे बाई."

मास्तरीण उठून बसली. लेख उघडला. ती घाईत खाली नाव घालायला विसरली होती. प्रतिक्रियांचा तळ दिसत नव्हता. 'भोंगाताई, कुठे होता इतके दिवस?' 'भोंगाताई, माझ्याही तोंडून तेच येतं.' ती उशीवाली शोधत खाली सरकत गेली. उशीवाली नव्हती. ती पुन्हा वरपासून पाहत आली. नव्हती.

फोन वाजला. भोंगा.

"अगं, सकाळपासून लोक मला शाबासकी देतायत. मालकांनीसुद्धा दिली. त्यांनी बायकोकडून ऐकलं."

"मग?"

"मग काय? सांगू का, माझं नाही म्हणून? तुझी इच्छा नसेल तर नाही सांगत. चालू दे असंच."

बाहेर आई आता तेच मावशीला दुसऱ्यांदा वाचत होती. मास्तरणीने मोठेपणाने नको म्हणायचं ठरवलं. शब्दही जुळवला.

"सांग," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता सांग."



"सांगते," भोंगा म्हणाली. "जरा उशीरच केला मी. दोनदा वाचला तुझा लेख आणि गप्प बसून राहिले. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, राहू दे ना माझ्या नावावर. इतकं चांगलं मला अजून जमलेलं नाही."

"तुझ्या पोटात दुखतंय?"

"सणकून."

मास्तरणीने आईला हाक मारली आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या आईला सांगितलं, "ते मी लिहिलंय." आईने फोन कानापासून लांब धरला आणि तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या कमरेकडे. म्हणाली, "म्हणजे ती पळणारी तू?"

"हो."

"आणि ती खोळ?"

"वाळतेय," फोनमधून भोंगाच्या आवाजाने परस्पर सांगितलं. "डाग गेला, काकू. पूर्ण गेला."